इंजिन बांधायचं की गाडी बदलायची : एका थंडरबर्डचं प्रकरण

गेल्या भाऊबीजेला अक्काकडं गेलो, तर ओवाळून व्हायच्या आधीच दाजींनी मला अंगणात नेलं. थंडरबर्ड मधल्या स्टँडवर उभी होती. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवून त्यांनी मला काळा तेलकट डाग दाखवला. "इंजिन बांधू का गाडी बदलू, एवढं सांग. पण दुकानदार म्हणून सांगू नको, घरचा म्हणून सांग."

लातुरात माझं दुचाकींच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. इंजिन बांधायचं, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून परत जोडायचं, की गाडी बदलायची, हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी काउंटरवर येतो आणि मी उभ्याउभ्या उत्तर देऊन टाकतो. दाजींच्या बाबतीत तसं केलं नाही. आम्ही पाच आठवडे घेतले, गाडी तपासली, हिशेब मांडला, दोन नव्या गाड्या चालवून बघितल्या. ते सगळं इथं सविस्तर लिहितोय, कारण ज्या प्रश्नानं सुरुवात झाली तो मधेच बदलला. तो बदलला नसता तर आम्ही पन्नास हजार रुपये भलत्याच ठिकाणी घातले असते.

गाडी आणि चालवणारा

दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. वय ५४, उंची ५ फूट ४ इंच, डावा गुडघा थंडीत दुखतो. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. गाडी रॉयल एन्फिल्ड थंडरबर्ड ३५०, २०१३ च्या दसऱ्याला घेतलेली, एमएच २४ पासिंग. ३४६ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, २० लिटरची टाकी, पुढं-मागं डिस्क ब्रेक, तारांची चाकं, ट्यूबचे टायर. मीटरवर १,१२,४०० किलोमीटर.

टाकी फुल केली की लातूरहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन त्याच पेट्रोलवर परत येता येतं, हे दाजी पाहुण्यांना अजून सांगतात. या गाडीवर ते माहूरला गेले, औंढ्याला गेले, वेरूळ-अजिंठा केलं, बिदर आणि हंपी केली, २०१८ च्या उन्हाळी सुटीत कन्याकुमारी केली. २०१६ चा उन्हाळा मात्र वेगळा होता. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते हे वर्ष. तेव्हा फिरणं सगळं बंद, आणि या गाडीनं दोन महिने गावाकडच्या विहिरीचं पाणी आणलं, दोन्ही बाजूंना कॅन बांधून. गाडी विकायचा विषय निघाला की अक्का पहिल्यांदा तेच काढते. अशा गाडीबद्दल कोरडेपणानं विचार करणं घरात कुणालाच जमत नव्हतं. त्या घराबाहेरचा माणूस म्हणून मला विचारलं त्याचं खरं कारण हे असावं.

मिस्त्रीची तपासणी

गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली आणि इंजिन गरम असतानाच मिस्त्रीनं दोन्ही प्लग काढले. या इंजिनाला दोन असतात. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून परत मोजलं. दुसऱ्या वेळी काटा चांगलाच वर गेला. ऑइलमुळं पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यातली फट तेवढ्यापुरती बुजते, त्यामुळं काटा वर गेला म्हणजे गळती पिस्टनच्या रिंगांपाशी आहे. व्हॉल्व्हकडून गळत असतं तर ऑइल टाकून फारसा फरक पडला नसता. दाजींच्या वहीतही तेच दिसत होतं : हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल कमी.

क्लच दोघं बसून चढावर घसरत होता. चेन-स्प्रॉकेट संपलेलं. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील पाझरत होते. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश ढिले, त्यात त्या दोन महिन्यांच्या पाण्याच्या कॅनचा वाटा नक्की असणार. आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंगांचा जोड, गेलेला : पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं की मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडायचं.

कोनसेटाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्या भागात तो इतरांपेक्षा लवकर जातो. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आवळून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी थोडा उचलला जातो, थोडा खचतो. खड्डे बुजवले तरी लाटा राहतात. त्या लाटांवर सत्तरच्या वेगानं दोघं बसून गेलं की प्रत्येक आपटी हँडलच्या खालच्या बेअरिंगवर जाते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर तर कित्येक आडरस्त्यांच्या कडाच वाहून गेल्या. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी जेवढे कोनसेट विकले तेवढे एरवी सहा महिन्यांत विकत नाही.

इंधनाची गोष्ट वेगळी. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आमच्याच शिवारातल्या उसाचं आहे, शेतकऱ्याच्या उसाला त्यानं आधार दिला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २०१३ ची गाडी त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नव्या इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला कडक करतं. दाजींच्या गाडीची पेट्रोलची नळी वाकवली तर बारीक चिरा दिसल्या. ॲव्हरेज २०१४ साली ३७ होतं, आता ३१. त्यातलं थोडं पेट्रोलमुळं, थोडं रिंगांमुळं, थोडं चेनमुळं. नेमकं किती कशामुळं ते वेगळं काढता येत नाही, पण चेन आणि रिंगा बदलल्या तर दोन-तीन किलोमीटर परत येतील असं मिस्त्री म्हणाला आणि मलाही तसंच वाटतं.

सगळ्याचा अंदाज निघाला : बोअर करून वरच्या साइजचा पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह घासणं, क्लच प्लेटा, सील-पॅकिंग आणि मजुरी मिळून २७,५००. कोनसेट, बुश, शॉकअप, चेनसेट १२,०००. दोन टायर-ट्यूब ७,५००. कार्ब्युरेटरचं किट आणि नळ्या २,०००. एकूण ४९,०००.

"गाडीच्या किमतीएवढा खर्च"

आकडा ऐकून दाजींच्या शाळेतल्या सहकाऱ्यांचा सल्ला आला : गाडीची किंमतच पंचेचाळीस-पन्नास हजार, तेवढाच खर्च तिच्यावर करायचा म्हणजे वेडेपणा, काढून टाका. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय, आणि तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. गाडी विकायची नसेल तर तिच्या बाजारभावाशी दुरुस्तीची तुलना करून काय कळणार? तुलना करायची ती पुढच्या वर्षांच्या खर्चाशी. ४९,००० घालून गाडी पाच वर्षं नीट चालली तर वर्षाला दहा हजारांहून कमी पडले. नवी अडीच लाखांची गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडून दोन वर्षांत जेवढी उतरते, तेवढ्यात हे इंजिन बांधून होतं आणि वर पैसे उरतात.

सुट्या भागांचीही अडचण दिसत नव्हती. हेच इंजिन क्लासिकमध्ये होतं, आणि बुलेट ३५० मध्ये तर २०२३ पर्यंत येत राहिलं. पिस्टन, क्लच, सील यांची पुढची दहा वर्षं तरी ददात पडणार नाही. अडचण येईल ती फक्त थंडरबर्डच्या अंगावरच्या वस्तूंची : तिचा प्रोजेक्टर हेडलाइट, तिची टाकी, तिचे मीटर. ते आत्ताच मागवावे लागतात.

म्हणजे पैशाचा हिशेब स्पष्टपणे इंजिन बांधण्याच्या बाजूनं होता. पहिल्या दोन आठवड्यांत माझंही मत तेच झालं होतं आणि मी दाजींना तसं सांगूनही टाकलं होतं.

भाच्याची हिमालयन

भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याचा फोन आला : "मामा, जुन्यात पैसे घालू देऊ नका. बाबांना हिमालयन ४५० घेऊ, निम्मे मी देतो." पोरानं मनापासून म्हटलं होतं, म्हणून आम्हीही मनापासून बघितली. ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, १७ लिटरची टाकी, लांब शॉकअप. आमच्या लाटांच्या रस्त्यांवर ती गाडी खरंच सुरेख जाते. दाजींनी चालवली आणि उतरताना डोळ्यांत चमक होती.

पण सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर. दाजींचे दोन्ही चवडे कसेबसे टेकत होते. एकटे असताना ते निभावलं असतं. अक्का मागं बसायला आली तेव्हा तिला फूटरेस्टवर उभं राहून पाय फिरवून बसावं लागलं आणि तिचा तोल जाऊन १९६ किलोची गाडी एका बाजूला कलली. दाजींनी डाव्या पायावर सावरली, म्हणजे नेमकी दुखऱ्या गुडघ्यावर. शोरूमचा पोरगा पटकन धावला म्हणून बरं.

पैशाच्या बाजूनंही फरक मोठा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि ३५० च्या वरच्यांवर तो सेससकट ३१ होता तो ४० झाला. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला सक्तीचा असतो. १५० ते ३५० सीसीच्या गटात त्याचा मूळ हप्ता ७,३६५ रुपये आहे आणि ३५० च्या वर तो १५,११७. दुप्पट. भाच्याला मी हे आकडे पाठवले. त्यानं उत्तर दिलं, "पैशाचं सोडा, आईला बसता येत नाही हे आधी सांगायचं ना." हिमालयनचा विषय तिथं संपला.

शेजारच्या एकांनी बजाजची डॉमिनार ४०० सुचवली, आपल्या वाळूजच्या माणसांच्या हातची गाडी म्हणून. वाळूजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांच्या चुली त्यानं पेटत्या ठेवल्या, हे मीही अभिमानानं सांगतो. पण डॉमिनार चाकणला बनते, आणि तिचीही सीसी तेव्हा ३५० च्या वर होती.

राहिली रॉयल एन्फिल्डचीच मीटिअर ३५०. थंडरबर्ड बंद करून २०२० च्या नोव्हेंबरात कंपनीनं तिच्या जागी हीच आणली. ताकद जवळपास तेवढीच, २० हॉर्सपॉवर. टाकी १५ लिटर, म्हणजे पाच लिटरनं लहान. दाजींचं पहिलं वाक्य : "मग बदलून मिळालं काय?" त्या दिवशी माझ्याकडं या प्रश्नाचं नीट उत्तर नव्हतं.

वही

दाजी पेट्रोलची वही ठेवतात. शाळेतल्या हजेरीसारखी आखलेली : तारीख, मीटर, लिटर, रुपये, कुठं गेलो, घरी किती वाजता आलो. बारा वर्षांच्या चार वह्या. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी आम्ही दोघं ओसरीवर बसलो आणि मागच्या तीन वर्षांच्या नोंदी एका कागदावर मांडल्या. मला बघायचं होतं की टूरिंगची गाडी प्रत्यक्षात टूरिंग किती करते.

तीन वर्षांत २०,८०० किलोमीटर. शाळा आणि गावातली कामं ७,९००. गावाकडं शेताला ५,३००. अक्काला घेऊन देवदर्शन, लग्नकार्य, पाहुणे, त्याच दिवशी परत, असे ५,७००. आणि मुक्कामाचा लांबचा प्रवास फक्त दोनदा, १,९००. दाजी बराच वेळ त्या शेवटच्या आकड्याकडं बघत राहिले. कन्याकुमारीला जाणारा माणूस अजून मनात तसाच होता, कागदावर मात्र तो दिवसभरात येरमाळ्याच्या येडाईचं, म्हणजे येडेश्वरी देवीचं, दर्शन करून परत येणारा झाला होता.

मग मी घरी यायच्या वेळा बघायला लागलो. संध्याकाळी सातनंतर घरी पोहोचल्याच्या ४१ नोंदी. त्यातल्या २९ नोंदी नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतल्या आणि जवळजवळ सगळ्या अक्कासोबतच्या. दिवस लहान, आणि नेमका तोच साखर कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम.

त्यातच ही नोंद होती : "१२ जानेवारी २०२५. येडाई. घरी ९.५०. ढोकीच्या पुढं अर्धा तास थांबलो."

इतर कुठल्याच नोंदीत थांबल्याचं लिहिलेलं नाही. मी विचारलं. दाजी म्हणाले, "चहाला थांबलो असू."

आतून अक्काचा आवाज आला. "चहा कशाचा? माझे पाय थरथरायलेते. गाडीवर परत बसवंना."

मग सगळं कळलं. येरमाळ्याहून येडेश्वरीचं दर्शन करून ते येडशी-ढोकी-मुरूड रस्त्यानं परत येत होते. ढोकीच्या पुढं समोरून एका गाडीचा फुल लाइट डोळ्यांवर आला, ती गेली आणि पुढं उसाची डबल ट्रॉली दिसली. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उभी की चालती तेही कळेना. दाजींनी ब्रेक मारला. मागचं चाक जाम झालं, गाडी मागून डावीकडं सरकली, ट्रॉलीतून लोंबणारे ऊस पुढच्या चाकापासून हातभर राहिले तेव्हा थांबली. कुणाला खरचटलंही नाही. दोघांनी दहा महिने ते कुणाला सांगितलं नाही, भाच्याला तर मुळीच नाही.

मी वही मिटली. इंजिन बांधायचा माझा सल्ला मी त्याच वेळी मागं घेतला.

ब्रेक

आम्ही तीन आठवडे ज्या यादीवर बोलत होतो ती सगळी इंजिनाची आणि सांगाड्याची होती. त्यातली प्रत्येक गोष्ट पैसे आणि हुशार मिस्त्री असला की होते. थंडरबर्डमध्ये जे नव्हतंच, त्याचा विचार कुणी केला नव्हता, मीही नाही. रिंगा गेल्या तर धूर दिसतो, कोनसेट गेला तर हँडल सांगतं. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही हे गाडी बारा वर्षांत एकदाच सांगते.

एबीएसमध्ये प्रत्येक चाकाला एक दातेरी कडं आणि सेन्सर असतो. चाक अचानक थांबतंय, पण गाडी अजून पुढं जातेय, हे सेन्सरकडून कळताच मॉड्युलेटर ब्रेकच्या ऑइलचा दाब क्षणभर सोडतो आणि पुन्हा दाबतो, सेकंदाला कित्येक वेळा. चाक फिरत राहतं, आणि फिरणारं चाकच गाडीला सरळ धरतं. जाम झालेलं चाक हँडलचं ऐकत नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. दाजींची गाडी त्याच्या साडेपाच वर्षं आधीची. मागाहून बसवता येईल का, हे मी तीन ठिकाणी विचारलं. सेन्सर, मॉड्युलेटर, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, सगळंच त्या गाडीसाठी बनलेलं हवं. भरवशानं बसवून देणारं कुणी नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत जुगाड मी माझ्या दुकानातून कधी विकला नाही.

हंगामातल्या आमच्या रस्त्यांचं अजून एक आहे. ट्रॅक्टर फडातून डांबरावर येतात तेव्हा चाकांना लागलेली काळी माती दोन-तीनशे मीटर रस्त्यावर पडत जाते, वर पाचट. दव पडलं की तो पट्टा साबणासारखा होतो. १२ जानेवारीच्या रात्री मागचं चाक इतक्या सहज सुटलं त्याचं हेही कारण असणार.

पण गाडी बदलली की झालं, असं मला वाटत नव्हतं. दाजी शिकले राजदूतवर, मग बुलेटवर, आणि त्यांचा सगळा जोर उजव्या पायावर. पुढचा ब्रेक ते जवळपास वापरतच नव्हते. डिस्कचे पॅड बघितले : मागचे संपत आलेले, पुढचे अर्ध्याहून जास्त शिल्लक. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून जोर पुढंच द्यायचा असतो. हे त्यांना मी तोंडी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, एवढंच.

म्हणून एका सकाळी गावाकडच्या मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर खडूनं रेघ मारली. मीटरवर चाळीसचा वेग, रेघेवर ब्रेक, थांबल्यावर पावलं मोजायची. त्यांच्याच थंडरबर्डवर, एकटे, हेल्मेट-बूट घालून. फक्त मागचा ब्रेक : २३ पावलं, आणि मागून सरकली. मग पुढचा हळूहळू वाढवत, दोन्ही मिळून, आठ-दहा वेळा सराव केल्यावर : १३ पावलं. गाडी तीच, टायर तेच. दाजी परत रेघेपाशी गेले, दोन्ही खुणांमधलं अंतर चालून बघितलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं झाली की गाडी चालवायला."

हा प्रयोग माझ्या मताच्या विरुद्ध गेला असं कुणाला वाटेल. सवय बदलली तर जुन्या गाडीवरही भागतं, मग नवी कशाला? मी त्यावर बराच विचार केला. सकाळच्या उजेडात, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक कधी मारायचा हे आधीच माहीत असताना १३ पावलं आली. रात्री, डोळे दिपलेले असताना, मागं माणूस आणि खाली चिखल असताना पाय चाळीस वर्षांच्या सवयीनंच पडणार. हातानं घाबरून पुढचा ब्रेक आवळला तर पुढचं चाक जाम होईल, ते तर मागच्याहून वाईट. सराव पाहिजेच, आणि तो चुकेल तेव्हा आवरणारं यंत्रही पाहिजे. खडीवर आणि भुसभुशीत मातीत एबीएसनं थांबायचं अंतर वाढू शकतं, हेही मी दाजींना सांगितलं. पण गाडी सरळ राहते. मागं अक्का असताना तेच महत्त्वाचं.

मीटिअर, पुन्हा

आता "बदलून मिळालं काय" याचं उत्तर होतं. दोन्ही चाकांना एबीएस. डिस्क पुढं ३०० मिलिमीटरची, मागं २७० ची. थंडरबर्डच्या २८० आणि २४० होत्या. ट्यूबलेस टायर, म्हणजे रात्री आडरस्त्याला पंक्चर झालं तरी हवा एकदम जात नाही. सीट ७६५ मिलिमीटर, दाजींचे दोन्ही तळवे पूर्ण टेकले.

अक्काला घेऊन बाभळगावच्या बाजूला चालवून बघितली. या इंजिनात कंपन मारायला बॅलन्सर शाफ्ट आहे, थंडरबर्डच्या इंजिनात नव्हता. अक्का उतरली आणि म्हणाली, "पायाला मुंग्या आल्या न्हाईत." बारा वर्षं मुंग्या येत होत्या हे तिनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

उणिवा दाजींनीच काढल्या. टाकी लहान. तारांची चाकं वाकली तर गावात ओढून सरळ करून मिळतात, अलॉयला चीर गेली तर बदलावंच लागतं. शेताची पाऊलवाट पावसाळ्यात तिला झेपणार नाही. सगळं खरं होतं.

काय ठरलं

नोव्हेंबरच्या शेवटी मीटिअर घेतली. एक्स-शोरूम दोन लाखांच्या थोडी वर, टॅक्स-विमा-पासिंग धरून अडीच लाखांच्या आत. दीड लाख शिक्षकांच्या पतसंस्थेतून, बाकीचे भाच्यानं दिले आणि घेताना दाजींनी पहिल्यांदाच नको म्हटलं नाही. १२ जानेवारीची गोष्ट अक्कानं त्याला फोनवर स्वतः सांगितली.

थंडरबर्डवरून आमचं जमलं नाही, अजूनही जमलेलं नाही. माझं मत विकून टाकावी. सगळ्यात जास्त ४६,००० ला मागणी आली होती. दोन गाड्यांचे दोन विमे, दोन सर्व्हिस. १ एप्रिल २०१९ च्या आधीची म्हणून तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवायची राहिली होती. आणि गाडी उभी राहिली की टाकीतलं इथेनॉलचं पेट्रोल ओल धरणार. दाजी म्हणाले, शेताला ठेवतो, उभी राहणार नाही. मग मी अट घातली : इंजिन उघडायचं नाही, ऑइल बघत राहायचं, पण कोनसेट, चेनसेट, दोन्ही ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल आणि पेट्रोलच्या नळ्या बदलायच्या. १३,५०० लागले. दिवस मावळल्यावर ती अंगणातून निघणार नाही, आणि तिच्यावर मागं कुणी बसणार नाही. २०२८ च्या दसऱ्याच्या सुमाराला तिच्या नोंदणीची पंधरा वर्षं पूर्ण होतात, नूतनीकरणाला तपासणी आणि पर्यावरण कर भरावा लागेल. तेव्हा पुन्हा बसू, एवढ्यावर थांबलो.

मुरूड-ढोकी रस्त्याच्या ट्रॉल्यांचं काय, हे विचारायला दाजी शाळेतल्या दोघा-तिघांना घेऊन कारखान्याच्या शेतकी विभागात गेले होते. लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मी दुकानातून दिल्या, दोन पेट्या. गावातल्या पाच ट्रॅक्टरांना त्यांनी आणि शाळेच्या पोरांनी मिळून त्या लावल्या. उरलेल्या ट्रॅक्टरांची यादी त्यांच्याकडं आहे.

नव्या गाडीची नवी वही केली. दाजी आधी पेट्रोल लिहायचे, वेळ शेवटी. या वहीत वेळेचा रकाना पहिला आखलाय आणि तो अक्का भरते. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात आहे : "१४ डिसेंबर. परळी, अंबाजोगाई. घरी ५.४०. उजेड होता."